घडीची तिवई : वजन एक किलो, भार साठ किलो

पनवेल तालुक्यातील ओवे गावापासून खारघरचा डोंगर जवळ आहे. कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्यही सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतक्या अंतरावर आहे. पाऊस सरला आणि थंडी पडू लागली, की सहली, शिबिरे आणि पक्षिनिरीक्षणाच्या फेऱ्या यांचे दिवस येतात. पक्षी पाहायचे तर एका जागी निश्चल बसावे लागते. पण पहाटेची जमीन दवाने ओली असते. खाली खडे असतात, मुंग्या असतात. अशा वेळी बसायला काही असावे असे वाटते. घरातले लाकडी स्टूल पाठीवर घेऊन डोंगर चढणे मात्र कोणालाच परवडणारे नाही.

मग स्टूल हलके करायचे कसे? लाकूड बारीक घ्यावे, हे उत्तर चटकन सुचते. पण बारीक लाकूड मोडते. खरे उत्तर वेगळे आहे. वस्तूच्या प्रत्येक भागावर कोणते बल येते ते ओळखावे आणि त्या बलाला पुरे पडेल तेवढेच, योग्य आकाराचे द्रव्य तेथे वापरावे. जेथे केवळ ओढ आहे तेथे कापड पुरते. जेथे वाकण्याची भीती आहे तेथे पोकळ नळी उपयोगी पडते. या तत्त्वावर एक किलोच्या आत वजन असलेली, मिटून काखेत धरता येईल अशी तिवई आपण तयार करू.

जुनी युक्ती

घडीचे आसन ही काही नवी कल्पना नाही. इजिप्तचा राजा तुतनखामेन याची कबर १९२२ साली उघडली गेली. सुमारे ३३०० वर्षांपूर्वीच्या या कबरीत घडीची आसने आणि घडी घालता येणारी खाटही सापडली. आपल्याकडे पोथी ठेवण्याची फुलीच्या आकाराची लाकडी ठवणी आणि जाड कापडाची आरामखुर्ची ही याच कुळातली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात फिरतीवर असणाऱ्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांसाठी एक सुटी होणारी खुर्ची प्रचारात आली. रुडकी या गावावरून तिला रुडकी खुर्ची म्हणतात. तिच्यात खिळा नाही की सरस नाही. आडव्या दांड्यांची निमुळती टोके पायांच्या भोकांत नुसती बसवलेली असतात. माणूस बसला की कापड ताणले जाते आणि सांधे आपोआप घट्ट होतात. जमीन उंचसखल असली तर सांधे किंचित सरकतात आणि चारही पाय जमिनीला टेकतात. डेन्मार्कचे कोरे क्लिंट यांनी १९३३ साली केलेली प्रसिद्ध ‘सफारी खुर्ची’ याच रुडकी खुर्चीवरून घेतलेली आहे.

तीन पाय का?

एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंमधून एक आणि एकच प्रतल जाते, हे आपण भूमितीत शिकतो. म्हणून तीन पायांचे आसन कितीही खडबडीत खडकावर ठेवले तरी डुगडुगत नाही. चौथा पाय आला, की त्याचे टोक त्याच प्रतलात असेलच असे नाही. कॅमेऱ्याच्या आणि दुर्बिणीच्या घोडीला तीनच पाय असतात ते याच कारणाने.

मात्र येथे एक किंमत मोजावी लागते. बसणाऱ्याच्या गुरुत्वमध्यातून काढलेली उभी रेषा पायांच्या टोकांनी झालेल्या आकृतीच्या आत राहिली, तरच आसन उलटत नाही. आपल्या तिवईच्या पायांची टोके मध्यापासून सुमारे २१ सें.मी. अंतरावर असतील. या त्रिकोणाची बाजू मध्यापासून फक्त साडेदहा सें.मी. अंतरावर येते. पाय चार असते, तर तेच अंतर जवळजवळ १५ सें.मी. झाले असते. म्हणजे तिवई डुगडुगत नाही, पण एका अंगाला फार झुकले तर लवकर कलंडते. बाजूला पडलेली दुर्बीण उचलायची असेल, तर आधी उठावे.

पोकळ, तरी मजबूत

काठी वाकते तेव्हा तिची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. मधोमध असलेल्या गाभ्यावर फारसे काम पडत नाही. म्हणून गाभा काढून टाकला तरी काठीची वाकण्याविरुद्धची ताकद थोडीच कमी होते. ३० मि.मी. व्यासाच्या भरीव काठीतून १५ मि.मी. व्यासाचा गाभा काढला, असे समजा. वजन व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून ते एक-चतुर्थांशाने घटते. वाकण्याविरुद्धच्या ताकदीत मात्र व्यासाचा चौथा घात येतो. ती एक-षोडशांशानेच घटते. पक्ष्यांची पोकळ हाडे, गव्हाचा दांडा आणि सायकलची नळी यांत हीच काटकसर आहे.

बांबूने ही काटकसर निसर्गतःच साधलेली आहे. शिवाय ठरावीक अंतरावर असलेल्या गाठींतील पडदे त्याला चेपू देत नाहीत. दक्षिण कोकणात होणारा माणगा बांबू बुंध्याकडे जवळजवळ भरीव असतो आणि त्याला काटे नसतात. तो या कामाला उत्तम. तो न मिळाल्यास जाड भिंतीचा कोणताही पक्व बांबू चालेल.

बांबू बाजारातून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडूनच घ्यावा. बांबू हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवत आहे. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. पण वनातील आणि अभयारण्यातील काठीला हात लावण्याची मुभा त्याने मिळत नाही.

कापडावर किती ओढ येते?

तीन पेन्सिली एकत्र धरून मध्यावर रबरी कडे घाला आणि त्या फाकवून उभ्या करा. वरच्या तीन टोकांभोवती दोऱ्याचा फास बांधा. आता वरून हलकेच दाबा. दोरा ताठ होतो. दोरा कापलात तर पेन्सिली आडव्या पडतात. आपल्या तिवईत या दोऱ्याचे काम बैठकीचे कापड करते. म्हणजे कापड केवळ बसण्यासाठी नाही; ते पायांना एकत्र धरून ठेवते. ते फाटले तर तिवईच कोसळते.

आता ओढ मोजू. पाय ६० सें.मी. लांब असून बोल्ट बरोबर मध्यावर आहे. वरच्या टोकांमधील अंतर ३६ सें.मी. ठेवले, तर प्रत्येक टोक मध्यरेषेपासून सुमारे २१ सें.मी. दूर आणि बोल्टपासून सुमारे २१.५ सें.मी. उंच असते. म्हणजे पाय जवळजवळ ४५ अंशांत कललेला असतो. ६० किलोचा विद्यार्थी बसला, की एकूण भार सुमारे ६०० न्यूटन. प्रत्येक पायाच्या वाट्याला २०० न्यूटन. हे २०० न्यूटन पायाचे वरचे टोक खाली दाबतात. जमीन तेवढ्याच बलाने खालचे टोक वर रेटते. ही दोन्ही बले पायाला बोल्टभोवती एकाच दिशेने फिरवू पाहतात, म्हणजे त्याला आडवा पाडू पाहतात. जमीन गुळगुळीत असेल, तर त्यांना विरोध करणारे एकटे कापडच उरते. पाय ४५ अंशांत असल्यामुळे तरफेच्या दोन्ही भुजा जवळजवळ सारख्या आहेत. म्हणून कापडाला प्रत्येक कोपऱ्यात सुमारे २०० + २०० = ४०० न्यूटन इतकी आडवी ओढ सोसावी लागते. ही ओढ पायावर येणाऱ्या उभ्या भाराच्या दुप्पट झाली!

कोणी धपकन बसले, तर ओढ आणखी वाढते. स्थिर भाराच्या निदान दुप्पट बल धरून चालावे. खडबडीत जमिनीवर घर्षण पायांना रोखते आणि कापडाचे काम थोडे हलके होते. फरशीवर ही मदत मिळत नाही.

साहित्य

१) ३० मि.मी. व्यासाच्या, निदान ७ मि.मी. जाड भिंतीच्या बांबूचे ६० सें.मी.चे तीन तुकडे. प्रत्येकाच्या मध्याजवळ गाठ असावी.
२) ६ मि.मी. जाडीचा व ९० मि.मी. लांबीचा एक बोल्ट.
३) त्याच जाडीचा, डोक्याला कडी असलेला एक आय-बोल्ट, त्याची दांडी ४५ मि.मी. लांब असावी.
४) चार नट आणि सहा वायसर.
५) जाड कॅनव्हास, सुमारे ६० सें.मी. चौरस.
६) खाटेची ७ सें.मी. रुंद नवार, पाऊण मीटर.
७) जाड नायलॉनचा दोरा, काचकागद, आणि काठीच्या टोकाला बसवतात तसे तीन रबरी बूट.

कृती

बांबू ओला असेल, तर त्यातील पिष्टमय अंश खाण्यासाठी किडे येतात. कोकणात बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे हा अंश धुऊन जातो. नंतर तो सावलीत पूर्ण वाळवावा. उन्हात घाईने वाळवला तर तडकतो.

टोके काचकागदाने गुळगुळीत करा. मध्यावरील गाठीला लागून भोक पाडण्याची जागा आखा. पाय सर्वांत जास्त वाकतो तो मध्यावरच, आणि भोकही आपण तेथेच पाडतो! म्हणून भोक ६ मि.मी.पेक्षा मोठे नको. आधी बारीक गिरमिटाने, मग मोठ्याने, असे सावकाश भोक पाडा. खिळा ठोकू नका. बांबू उभा चिरतो. भोकाच्या दोन्ही अंगांना नायलॉनचा दोरा दहा-बारा वेढे घट्ट गुंडाळा. हे वेढे बांबूला चिरू देत नाहीत.

सरळ बोल्ट पहिल्या पायातून घाला, मग आय-बोल्टच्या कडीतून आणि शेवटी दुसऱ्या पायातून बाहेर काढा. आय-बोल्टची दांडी तिसऱ्या पायातून काढा. बोल्टचे डोके, नट आणि बांबू जेथे एकमेकांना भिडतात तेथे वायसर घाला. प्रत्येक बोल्टवर दोन नट एकमेकांवर आवळा, म्हणजे पाय हलवताना ते सैल होणार नाहीत. पाय सहज फिरले पाहिजेत. पहिला नट फार आवळू नका.

आता बैठक. कडा दुमडून शिवल्यावर ४८ सें.मी. बाजूचा समभुज त्रिकोण होईल असे कॅनव्हास कापा. प्रत्येक कोपऱ्याचे टोक ६ सें.मी. खाली दुमडा. नवारीचे २५ सें.मी.चे तीन तुकडे करा. एकेक तुकडा कोपऱ्यावरून असा न्या, की त्याचा मोठा भाग कापडाच्या वर आणि ९ सें.मी. भाग खाली येईल. वरचा भाग चारही बाजूंनी आणि मधून फुलीसारखा शिवा. खालच्या भागाच्या फक्त दोन लांब कडा शिवा. मध्याकडची बाजू उघडी ठेवा. हा झाला पायाचा खिसा.

नवार कोपऱ्यावरून वळवण्याचे कारण समजून घ्या. चिकटपट्टी टोक धरून उचलली तर चटकन निघते, पण पृष्ठभागाला समांतर ओढली तर निघत नाही. शिवणीचेही तसेच आहे. येथे पायाचे टोक नवारीच्या वळणावर रेटते आणि ओढ शिवणीला समांतर जाते. त्यामुळे सगळे टाके मिळून भार वाटून घेतात. नुसता तुकडा ठिगळासारखा लावला, तर शेवटचा एकच टाका सगळा भार घेतो. तो तुटला की पुढचा तुटतो.

पायांची वरची टोके खिशांत घाला आणि खालच्या टोकांना रबरी बूट चढवा. त्यांची गरज का आहे, हे गणितानेच दिसते. ३० मि.मी. व्यासाच्या तीन टोकांचे एकूण क्षेत्रफळ जेमतेम २१ चौ. सें.मी. भरते. ६० किलोचा भार त्यावर आला, तर दर चौ. सें.मी.वर जवळजवळ ३ किलो! ओल्या मातीत पाय सरळ आत रुततील. रुंद तळाचे बूट हा दाब कमी करतात आणि फरशीवर घसरूही देत नाहीत.

बसण्यापूर्वी परीक्षा

नवी तिवई आधी वाळूच्या पोत्यांनी तपासा. रबरी बूट काढून ती मुद्दाम गुळगुळीत फरशीवर ठेवा, कारण कापडाची खरी कसोटी तेथेच लागते. अर्धवट भरलेली पोती एकेक करून ठेवा आणि बसणाऱ्याच्या वजनाच्या दुप्पट भारापर्यंत जा. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली करा; हात-पाय तिवईखाली नेऊ नका. भार तासभर ठेवून मग पाहा : टाके उसवले का, भोकापासून चीर निघाली का, बोल्ट वाकला का? यांपैकी एकही खूण दिसली, तर तो भाग बदला. ६० किलोंपेक्षा जास्त वजनाच्या व्यक्तीने या मापाच्या तिवईवर बसू नये. उघडताना आणि मिटताना बोटे बोल्टजवळ धरू नका.

प्रत्येक सहलीपूर्वी टाके आणि नट पाहून घेण्याची सवय ठेवा. कापड ओले झाले, तर वाळवूनच तिवई मिटा.

विचार करा

१) बैठकीचा त्रिकोण लहान केला, तर पाय अधिक उभे राहतात. कापडावरील ओढ वाढेल की कमी होईल? कलंडण्याचा धोका वाढेल की कमी होईल?
२) बोल्ट मध्याच्या थोडा वर बसवला, तर खालचा त्रिकोण वरच्यापेक्षा मोठा होईल. त्याचा फायदा कोणता?
३) पेन्सिलींची तिवई काचेवर आणि काचकागदावर ठेवून दाबा. दोऱ्याच्या ताणात फरक जाणवतो का? कारण सांगा.
४) तयार तिवई आणि घरातले स्टूल तराजूवर तोला. प्रत्येकाने पेलण्याचा भार भागिले त्याचे स्वतःचे वजन, हे गुणोत्तर काढा. कोणते आसन सरस ठरते?