गाडी ‘कडक’ करून देताना : कंपनीचा माल की बाजारचा?

मोटार दुरुस्ती व सुट्या भागांची विक्री या दोन्ही धंद्यांत आपले अनेक बांधव आहेत. अहमदनगर जिल्ह्यात, ज्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, नगर शहरापासून संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, पाथर्डीपर्यंत रस्त्याकडेच्या गॅरेजात एक मागणी नेहमी ऐकू येते : “गाडी खाली टेकते, दणके बसतात, जरा कडक करून द्या.” हे काम वरवर सोपे दिसते. प्रत्यक्षात गिऱ्हाईक आपल्याकडे टिकणार की शोरूमच्या वर्कशॉपकडे वळणार, हे अशाच कामावरून ठरते. शिवाय त्या गाडीत बायका-मुले बसून करंजी घाट उतरणार असतात. म्हणून आज या पानावर आम्ही सस्पेन्शनचा विषय घेतला आहे.

आपल्या जिल्ह्यात ही मागणी जास्त का, हे सांगावयास नको. नगर-मनमाड रस्ता वर्षानुवर्षे वाहनचालकांच्या तक्रारीचा विषय आहे. काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात भेगाळतात. त्यात उसाचा हंगाम आला की भरलेल्या ट्रॉल्या रस्त्याची उरलीसुरली कसर काढतात. पाच माणसांची गाडी सात माणसे व सामान घेऊन लग्नाला निघते, ते वेगळेच.

स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा

गिऱ्हाईक ‘शॉकअप गेले’ म्हणतो, आणि पुष्कळदा कारागीरही तेच धरून चालतो. परंतु दोघांची कामे निराळी आहेत. गाडीचे वजन पेलते ती स्प्रिंग किंवा पाटे. शॉकअप वजन पेलत नाही; तो स्प्रिंगची उसळी आवरतो. आतले तेल बारीक छिद्रांतून व व्हॉल्व्हमधून ढकलले जाते आणि उसळीची ताकद उष्णतेत जिरते. म्हणून गाडी मागून बसली असेल तर नुसते नवे शॉकअप घालून ती सहसा उठणार नाही. आणि खड्ड्यानंतर गाडी दोन-तीन वेळा डुलत असेल तर स्प्रिंग बदलून काही साधणार नाही.

या दोहोंची जोडी जमावी लागते. स्प्रिंगच्या तारेची जाडी १२ मिलिमीटरवरून १३ केली आणि बाकी माप तेच ठेवले, तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. एक मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसतही नाही! एवढी कडक स्प्रिंग आवरण्याचे बळ जुन्या शॉकअपमध्ये नसते. मग गाडी कडकही होते आणि उडतेही. गिऱ्हाईक पैसे देऊन जातो व आठ दिवसांनी भांडावयास परत येतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की सुधारणेच्या गोष्टी बोलण्यापूर्वी झिजलेले काय आहे ते शोधावे. प्रथम टायरमधील हवा. नंतर गाडीचा एकेक कोपरा दाबून सोडावा. एकदा वर येऊन जवळजवळ तेथेच स्थिर झाला तर शॉकअप बरा आहे. शॉकअपवर तेलाचा हलका ओलावा चालतो, ओघळ चालत नाही. मग गाडी उचलून लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, स्ट्रटचे वरचे माउंटिंग व बम्प स्टॉपर पाहावे. ‘खडखड’ म्हणून आलेल्या पुष्कळ गाड्यांत दोष रबराचा निघतो, आणि रबर बदलल्यावर गाडी पुन्हा नवी वाटते. कमाई थोडी कमी होते हे खरे.

सीएनजीच्या गाड्या

अलीकडे जिल्ह्यात सीएनजीच्या गाड्या वाढल्या आहेत आणि खरी सुधारणा लागते ती येथे. बाहेरून किट बसविलेल्या गाडीत डिकीत टाकी येते. साठ लिटरच्या लोखंडी टाकीचे वजन गॅससह साठ किलोच्या आसपास भरते. म्हणजे एक माणूस कायमचा मागे बसला. रिकामी गाडीही मागून दबलेली दिसते, माणसे बसली की बम्प स्टॉपरवर आदळते. अशा वेळी त्याच मॉडेलची कंपनीने बनविलेली सीएनजी गाडी बाजारात असेल, तर तिच्या मागच्या स्प्रिंगचा पार्ट नंबर पेट्रोल गाडीच्या नंबराशी ताडून पाहावा. नंबर निराळा असेल तर कंपनीनेच ते वजन धरून स्प्रिंग केलेली आहे. कंपनीचा माल घेऊन सुधारणा करावयाची तर यापेक्षा सरळ मार्ग आम्हांला दिसत नाही. शॉकअपचा नंबरही त्याच वेळी तपासावा.

पाट्यांच्या गाड्यांचे थोडे निराळे. बोलेरोला मागे पाटे आहेत, २०१९ मध्ये बंद झालेल्या ओम्नीलाही होते. पाटा वाढवून देण्याची पद्धत जुनी आहे आणि ओझे वाहणाऱ्या गाडीला तिचा उपयोगही होतो. मात्र काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेला एक ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. गाडी किती दबली आहे यावरून तो मागच्या चाकांना ब्रेकचा दाब कमी-जास्त सोडतो. पाटा वाढविला की गाडी ओझ्याखालीही कमी दबते, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते, आणि भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. घाटात याचा अर्थ काय होतो हे ड्रायव्हरला विचारावे. पाटा वाढविला तर हा व्हॉल्व्ह कंपनीच्या मापाप्रमाणे पुन्हा लावलाच पाहिजे.

जुगाडाविषयी स्पष्टच लिहितो. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर अडकविले की स्वस्तात गाडी वर येते. पण अडकलेली वेटोळी काम करीत नाहीत, त्यांचा भार उरलेल्यांवर पडतो आणि कधीतरी तार तेथे मोडते. स्प्रिंग कापणे तर त्याहून वाईट : सहा वेटोळ्यांतील एक कापले की स्प्रिंग वीस टक्के कडक होते आणि गाडी खाली येते, म्हणजे खड्ड्यांच्या मुलुखात नेमके उलटे. कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय केलेल्या अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच मापाचा चांगला भाग घालणे ही दुरुस्ती. गाडीची उंची वा घडण बदलणे हा फेरफार.

गाड्यांचे मूळ नमुने तपासून मंजूर करण्यासाठी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम १२६ मध्ये, ज्या संस्था नेमल्या आहेत त्यांत आपल्याच जिल्ह्यातील व्हीआरडीई आहे. अशा तपासणीतून गेलेली गाडी आपण एका दुपारी बदलतो, एवढे ध्यानात असावे.

तीन प्रकारचे डबे

आता माल कोणता? दुकानात तीन प्रकारचे डबे असतात. पहिला मोटार कंपनीच्या नावाचा. दुसरा, भाग बनविणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या नावाचा. मोटार कंपन्या शॉकअप बहुधा स्वतः बनवीत नाहीत. उदाहरणार्थ, १९६१ साली स्थापन झालेली गॅब्रियल इंडिया, जिचे कारखाने चाकण व नाशिकला आहेत, मोटार कंपन्यांनाही माल पुरविते आणि बाजारातही विकते. आमच्या मते बहुतेक घरगुती गाड्यांसाठी हा दुसरा डबा सर्वांत किफायतशीर. तिसरा, इतर उत्पादकांचा. त्यात उत्तमही आहे आणि टाकाऊही. गॅरंटी लेखी आहे का आणि बदलून देणारा वितरक पुण्यात नाना पेठेत किंवा आणखी जवळ आहे का, हे पाहून तो घ्यावा.

लहान गॅरेजवाल्यांनी एक निकाल माहीत करून घ्यावा. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. कारण हेच की त्यांचे अस्सल सुटे भाग व दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुलेपणाने मिळत नव्हती, आणि भाग पुरविणाऱ्या कारखान्यांवर ते बाजारात विकण्याचे निर्बंध होते. बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामाने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असेही आयोगाने बजावले. कंपन्या अपिलात गेल्या आणि काहींचा दंड २०१६ मध्ये कमीही झाला. तरी ‘बाहेर हात लावला की वॉरंटी गेली’ असे गिऱ्हाईकाला सांगितले जाते तेव्हा हा आदेश सांगता आला पाहिजे.

चौथा डबाही असतो : नक्कल. पहिल्या कंपनीचे नाव, तिसऱ्याहून हलका माल. ट्रेडमार्क कायदा १९९९ प्रमाणे खोट्या मार्काचा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणणाऱ्याला खरेदीची पावती दाखवावी लागते. कच्च्या चिठ्ठीवर माल घेणारा तेथेच अडकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सर्व सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के झाला आहे. पूर्वी अनेक भागांवर तो २८ होता. तेव्हा पक्क्या बिलाचा बोजाही आता तितका राहिलेला नाही. बिलावर ‘शॉकअप जोडी’ एवढेच न लिहिता कोणाचा माल, पार्ट नंबर, तारीख व किलोमीटर लिहावे, आणि जुने भाग गिऱ्हाईकाच्या हाती द्यावेत.

बसविताना

शॉकअप किंवा स्प्रिंग डावी-उजवी जोडीनेच बदलावी. स्ट्रट उघडताना स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय वरचा नट कधीही सैल करू नये. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस दगावतो. शागिर्दाला हे काम एकट्याला देऊ नये. दुहेरी नळीचा नवा शॉकअप बसविण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबावा व ओढावा, म्हणजे आतली हवा निघते. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबत असताना शेवटचे आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन पडल्यावर आवळावेत. नाहीतर रबर कायम पिळलेले राहते आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. नंतर व्हील अलाइनमेंट करावे, आणि मागची उंची बदलली असेल तर हेडलाइटचा झोतही पाहावा. पाट्यांचे काम असेल तर यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागतात. त्यासाठी कोणत्या दिवशी यावयाचे, ते गाडी ताब्यात देतानाच बिलावर लिहून द्यावे.