एआयलाच टाकायचं, पण कशासाठी?

बारावीचा निकाल लागला की तोच फोन येतो. “सर, एआय-डेटा सायन्सला कुठे नंबर लागेल?” मुलाला काय आवडतं असं विचारलं की उत्तर आईबाबाच देतात. “बायोलॉजी छान आहे त्याचं, पण नीटला मार्क कमी पडले. मग आता एआयलाच टाकू ना?”

कॉलेज कुठलंही असो, शाखेच्या नावात एआय आहे ना, मग झालं, हे खूळ आधी डोक्यातून काढा. कोडिंग कुठल्याही शाखेत राहून शिकता येतं. मेडिकल, इंजिनिअरिंग, फार्मसीबद्दल नातेवाईक पुरेसं सांगतात, त्यात मी भर घालत नाही.

बायोलॉजीत रमणाऱ्या मुलासाठी मला वेगळंच सुचवायचंय: बायोइन्फर्मॅटिक्स, म्हणजे जीवशास्त्राचा डेटा संगणकावर उलगडणं. शरीरातल्या पेशी एकमेकींशी सतत बोलत असतात. एक पेशी लिगँड नावाचा रेणू पुढे करते, दुसरीवरचा रिसेप्टर तो पकडतो. कर्करोगाच्या अनेक गाठींतल्या पेशी पीडी-एल१ हा लिगँड दाखवून प्रतिकार करणाऱ्या टी-पेशींवरच्या पीडी-१ या रिसेप्टरला ‘थांब’ असा निरोप देतात. प्रतिकारशक्तीवरचे असे ब्रेक काढून कर्करोगावर उपचार करता येतो, या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं.

आता एकेका पेशीत कोणतं जनुक किती चालू आहे, हे मोजता येतं. प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं, समोर हजारो पेशी, आणि तक्त्यात बहुतेक ठिकाणी शून्य! त्यावरून कोण कोणाशी बोलत असावं याचा अंदाज सेलफोनडीबी, सेलचॅट, निशनेट अशी सॉफ्टवेअर बांधतात. चार ओळींच्या कोडमध्ये रंगीत आलेख तयार होतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. जनुक चालू आहे म्हणजे प्रथिन बनलंच असं नाही. पेशी सुट्या करून मोजल्यामुळे मुळात कोण कोणाच्या शेजारी होती, हे कळत नाही. काही शून्यं खरी असतात, काही मोजणीतून निसटलेली. एकाच डेटावर दोन सॉफ्टवेअर अशा संवादांच्या दोन वेगळ्या याद्या देतात. कोड चॅटबॉटही लिहील हो, पण त्या यादीतलं काय खोटं, हे ओळखायला जीवशास्त्र आणि संख्याशास्त्र दोन्ही पक्कं लागतं.

म्हणून दहावीतल्या मुलांच्या पालकांनो, ‘डॉक्टरच व्हायचंय’ म्हणून अकरावीला गणित सोडायला लावू नका. आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्राबरोबर गणिताचेही प्रश्न असतात. तिथे जमलं नाही तर बीएस्सी करून एमएस्सी बायोइन्फर्मॅटिक्सला जाता येतं. पुणे विद्यापीठात तो अभ्यासक्रम आहे. मात्र बाविसाव्या वर्षी पॅकेज हवं असेल तर इकडे फिरकू नका. संशोधनात उतरायचं तर पीएचडीची पाचेक वर्षं धरा. ज्युनियर रिसर्च फेलोशिप (जेआरएफ) २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहे, तीही त्यासाठीची परीक्षा निघाली तर. आणि ‘तीन महिन्यांत तज्ज्ञ’ छापाच्या क्लासला एक रुपयाही देऊ नका.

टेनएक्स जीनोमिक्स कंपनीचा २,७०० रक्तपेशींचा डेटा आणि त्यावर स्युरा हे सॉफ्टवेअर वापरून करायचा सराव, दोन्ही फुकट मिळतं. प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरण्याआधी मुलाला आठवडाभर त्यावर बसू द्या. कंटाळला तर विषय सोडून द्या. रमला, तर कृपा करून शेजारच्या मुलाचं पॅकेज त्याला ऐकवू नका.