प्रवासातील प्रातःधावन व मनःप्रसाद

दिनचर्येचा उपदेश आपण रुग्णांस नित्य करतो. परंतु परिषद, आरोग्य शिबिर वा औषधखरेदी यांनिमित्त घराबाहेर पडलेल्या वैद्याची दिनचर्याच सर्वप्रथम खंडित होते. जागरण, अवेळी भोजन व वाहनाचे धक्के यांनी वात प्रकुपित होतो, अग्नी विषम होतो आणि मनास अकारण अस्वस्थता येते. यावर प्रातःकाळची अल्प धाव हा उत्तम उपाय होय, असे आमचे मत आहे.

मात्र अतिमात्र धावणे स्वतःच वातवर्धक ठरते. म्हणून वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या व्यक्तीसही शीतकाळी आणि वसंतात अर्धशक्तीनेच व्यायाम सांगितला आहे. अन्य ऋतूंत त्याहूनही कमी. ग्रीष्मात तर तो वर्ज्य मानला आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात केवळ चंक्रमण करावे. अर्धशक्तीची खूण सुश्रुताचार्यांनी दिली आहे: हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावासा वाटला, की थांबावे. रात्रीचे अन्न पचले नसल्यास धावूच नये.

स्थळांची आपल्याकडे वाण नाही. नांदेडमुक्कामी गोदावरीचा घाट आहे. लातूरच्या वाटेवर चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथजवळ वनौषधींसाठी ख्यात असलेले संजीवनी बेट आहे. येथे बेट म्हणजे टेकडी. मार्गशीर्षातील पहाटे अशा परिसरात ज्वारी-हरभऱ्याच्या रानाकडेने धावताना आघाडा, रुई ही नित्याची द्रव्ये जिवंत भेटतात. दुकानाच्या बरणीतील गोखरू येथे पादत्राणाच्या तळव्यात रुततो. द्रव्यपरिचयाचा हा पाठ औषधविक्रेत्या बंधूंसही उपयुक्त आहे. वनस्पती ओळखावी, उपटू मात्र नये.

या धावेतून लाभणाऱ्या समाधानाचे कारणही मात्रेतच आहे. अर्ध्या शक्तीवर थांबणाऱ्यास कोणास मागे टाकायचे नसते, अंतर मोजायचे नसते. त्यामुळे दृष्टी नदीवर, रानावर स्थिरावते व मन प्रसन्न होते. उरलेले अर्धे बल दिवसभराच्या कार्यासाठी शिल्लक राहते. शक्ती संपेपर्यंत धावणाऱ्यास श्रम, तृष्णा, कास एवढेच पदरी पडते.

तरी वैद्यबंधूंनी प्रवासास निघताना औषधपेटीसोबत धावण्याचे जोडेही घ्यावेत. धावून परतल्यावर अंग पुसून किंचित विश्रांती घ्यावी, मगच स्नान करावे. जो वैद्य परगावीही दिनचर्या पाळतो, त्याच्या उपदेशावर रुग्णाचा विश्वास सहज बसतो.