‘लिंगझी’ची शास्त्रीय ओळख : एका वनकवकाचे जातिवर्णन आणि औषधविक्रेत्यांपुढील प्रश्न

गेल्या दोन दशकांत आपल्या औषधालयांच्या फडताळांवर एका परदेशी कवकाने हळूहळू जागा मिळविली आहे. कोणी त्यास ‘रेशी’ म्हणतो, कोणी ‘लिंगझी’, तर कोणी नुसतेच ‘गॅनोडर्मा’. ते चूर्ण, कॅप्सूल, अर्क, इतकेच नव्हे तर कॉफीत मिसळलेली पूड अशा अनेक रूपांत विकले जाते. वेष्टनावर शास्त्रीय नाव म्हणून बहुधा ‘गॅनोडर्मा ल्युसिडम’ असे छापलेले असते. रुग्ण ती डबी घेऊन वैद्यांकडे येतो आणि विचारतो, ‘हे घेऊ का?’ उत्तर देण्यापूर्वी वैद्याने स्वतःस दुसरा एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे : या डबीत नेमके कोणते द्रव्य आहे? पूर्व आशियात शतकानुशतके वापरात असलेल्या या कवकास नवी जाती म्हणून शास्त्रीय वर्णन २०१२ साली मिळाले, ही गोष्ट अनेक व्यवसायबंधूंना आश्चर्याची वाटेल. प्रस्तुत लेखात त्या वर्णनाची हकीकत देऊन तिचा आपल्या व्यवहाराशी असलेला संबंध पाहण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम आपल्या संहितांकडे वळू. लिंगझी हे संहितोक्त द्रव्य नव्हे. परंतु छत्राकवर्ग आपल्या आचार्यांना अपरिचित नव्हता. चरकाचार्यांनी अन्नपानविधीत सर्पच्छत्रक वर्ज्य ठरवून इतर छत्रजाती शीत, मधुर, गुरु आणि पीनस उत्पन्न करणाऱ्या म्हणून सांगितल्या आहेत. सुश्रुतसंहितेतील विवेचन आम्हांस अधिक मार्मिक वाटते. तेथे औद्भिद शाकांचे वर्गीकरण आधारद्रव्यावरून केले आहे : पेंढ्यावर, उसावर, शेणावर, बांबूवर व भूमीवर उगवणारी ती वेगवेगळी, आणि प्रत्येकाचे गुण वेगळे. शेणावर उगवणारे उष्ण, कषाय व वातकोपन. भूमीतून येणारे गुरु, आणि त्याचा अनुरस तर त्या त्या भूमीप्रमाणे. छत्र कशावर उगवले हे पाहिल्याविना त्याचे गुण सांगता येत नाहीत, हा विचार आजच्या कवकशास्त्रज्ञालाही मान्य होईल. नवीन जातीचे वर्णन लिहिताना तोही प्रथम आधारवृक्षाची नोंद करतो.

आता ‘ल्युसिडम’ या नावाकडे. लंडनमधील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम कर्टिस यांनी १७८१ साली लंडनलगतच्या पेकहॅम येथील एका चकचकीत, लाख चढविल्यासारख्या दिसणाऱ्या कवकाचे वर्णन ‘बोलेटस ल्युसिडस’ या नावाने प्रसिद्ध केले. (ल्युसिडस म्हणजे चकाकणारा.) पुढे १८८१ साली फिनलंडचे कार्स्टेन यांनी याच कवकावरून ‘गॅनोडर्मा’ ही प्रजाती स्थापिली. कर्टिस यांच्या वर्णनासोबत चित्र आहे, परंतु वाळवून जपलेला मूळ नमुना उपलब्ध नाही. त्यामुळे पुढील दीडशे वर्षांत जगात जेथे जेथे लालसर, चकचकीत पृष्ठभागाचे, लाकडासारखे कठीण छत्र आढळले, तेथे तेथे ‘ल्युसिडम’ हेच नाव लावण्यात आले. चीनमधील कवकालाही ते लागले, जपानमधील कवकालाही लागले आणि आपल्याकडील झाडांच्या बुंध्यांवर आढळणाऱ्या कवकांनाही लागले. आपल्या व्यापारात एकाच नावाखाली दोन-तीन वनस्पती विकल्या जातात, तसाच हा प्रकार होता. भेद एवढाच की येथे हा गोंधळ स्वतः शास्त्रज्ञांच्या ग्रंथांत शिरला होता.

१९९५ च्या सुमारास जनुकीय क्रमांच्या तुलनेतून पूर्व आशियातील ‘ल्युसिडम’ व युरोपातील ‘ल्युसिडम’ एक नव्हेत असे दिसू लागले. तथापि दोहोंत भेद आहे हे दाखविणे ही एक गोष्ट आणि त्यातील एकीचे विधिपूर्वक वर्णन करून तिला नाव देणे ही दुसरी. हे दुसरे काम काओ, वू आणि दाई या तीन संशोधकांनी २०१२ साली केले व त्या जातीस ‘गॅनोडर्मा लिंगझी’ हे नाव दिले. लोकांच्या तोंडी असलेला शब्दच शास्त्रीय नावात घेण्याची त्यांची निवड आम्हांस औचित्यपूर्ण वाटते.

त्यांनी दाखविलेले भेद वैद्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहेत, कारण त्यांपैकी काही साध्या डोळ्यांनी वा साध्या भिंगाने दिसतात. छत्राच्या खालच्या पृष्ठावर असंख्य सूक्ष्म रंध्रे असतात. ताज्या लिंगझीत हा पृष्ठभाग पिवळा असतो. युरोपीय ल्युसिडममध्ये तो पांढरा असतो. छत्र उभे कापले असता लिंगझीच्या बुचासारख्या गरात काळपट, चकाकणाऱ्या रेषा दिसतात. ल्युसिडममध्ये त्या नसतात. रंध्रांमधील भिंती पक्व लिंगझीत ८० ते १२० मायक्रोमीटर जाड असतात, ल्युसिडममध्ये त्या पातळ असतात. बीजाणू मात्र फसवे आहेत. गॅनोडर्माचा बीजाणू तपकिरी, दुहेरी कवचाचा व टोकाशी छाटल्यासारखा असतो, आणि तो या दोन्ही जातींत इतका सारखा की केवळ त्यावरून निर्णय करता येत नाही. चूर्ण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ‘गॅनोडर्माचे बीजाणू आढळले’ असा अहवाल देणारी प्रयोगशाळा प्रजातीची ओळख पटविते, जातीची नव्हे. औषधविक्रेत्यांनी असा अहवाल वाचताना हा भेद ध्यानी घ्यावा.

नवी जाती प्रस्थापित होण्याची रीतही थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण तिच्यातील शिस्त आपल्या द्रव्यसंग्रहास उपयोगी पडणारी आहे. संग्राहक प्रथम छत्र जागेवरच पाहतो : कोणत्या वृक्षावर, वृक्ष जिवंत की मृत, मुळाशी की खोडावर, कोणत्या ऋतूत. छायाचित्र घेतले जाते व रंगांची नोंद तेथेच होते, कारण वाळल्यावर रंग राहत नाही. लिंगझीचा पिवळेपणा हा ताज्या अवस्थेचा गुण आहे. कोरड्या मालात तो शोधणारा फसेल. त्यानंतर नमुना मंद उष्णतेवर वाळवितात, सूक्ष्मदर्शकाने तंतू व बीजाणू मोजतात आणि जनुकीय क्रम काढतात. कवकांसाठी ‘आय.टी.एस.’ नावाचा जनुकीय भाग ओळखखूण म्हणून २०१२ मध्येच सर्वत्र स्वीकारला गेला. सर्वांत महत्त्वाची पायरी पुढची. एक नमुना ‘प्ररूप’ म्हणून निश्चित करून सार्वजनिक संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो. नाव हे त्या नमुन्याशी बांधलेले असते. वर्णन चुकले तरी नमुना तपासून ते सुधारता येते. पूर्वी लॅटिन वर्णनाची अट होती. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजी वर्णनही ग्राह्य झाले, आणि १ जानेवारी २०१३ पासून कवकाच्या नव्या नावास मान्यताप्राप्त नोंदणीक्रमांक अनिवार्य झाला.

प्ररूपाचे सामर्थ्य किती, हे या प्रकरणात पुढे घडलेल्या वादावरून दिसते. चीनमधीलच झाओ व झांग यांनी १९८३ साली ‘गॅनोडर्मा सिचुआनेन्स’ या जातीचे वर्णन केले होते. काही संशोधकांनी २०१२ मध्येच मत मांडले की लागवडीतील लिंगझी म्हणजे हीच जाती होय. दुसऱ्या पक्षाने जनुकीय पुराव्याने ते नाकारले. वाद दशकभर चालला. अखेरीस १९८३ चा प्ररूप नमुना पुन्हा तपासण्यात आला आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या परीक्षणाचा निष्कर्ष असा की दोन्ही एकच असून, अग्रक्रमाच्या नियमानुसार जुने ‘सिचुआनेन्स’ हेच नाव ग्राह्य धरावे. तरीही ‘लिंगझी’ हे नाव वापरणारे लेखक पुष्कळ आहेत. वैद्यांना हा वाद नामधारी वाटेल, पण त्यातून निष्पन्न होणारी एक गोष्ट नामधारी नाही : दोन्ही पक्षांचे एकमत आहे की पूर्व आशियातील लागवडीचे औषधी कवक म्हणजे कर्टिस यांचे ल्युसिडम नव्हे. असे असूनही चिनी औषधिसंहितेच्या २०२० च्या आवृत्तीत तांबड्या लिंगझीसाठी ‘ल्युसिडम’ हेच नाव कायम राहिले. ग्रंथातील नाव आणि द्रव्य यांची फारकत केवळ आपल्याकडेच होते असे नाही.

बाजाराची स्थिती काय आहे? अमेरिकेत ‘ल्युसिडम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या २० तयार उत्पादनांची व घरी वाढविण्याच्या १७ संचांची जनुकीय तपासणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तयार उत्पादनांपैकी एकातही खरे ल्युसिडम आढळले नाही. बहुसंख्य लिंगझी निघाली, आणि काहींत गॅनोडर्माच्या इतर जातीही मिसळलेल्या होत्या. त्याआधी २०१७ मध्ये तेथीलच १९ नमुन्यांच्या रासायनिक परीक्षणात केवळ ५ नमुने वेष्टनावरील माहितीशी जुळले. पहिल्या परीक्षणाचा अर्थ जपून लावावा लागतो. ग्राहकास लिंगझी मिळाली, म्हणजे परंपरेने अभिप्रेत असलेले द्रव्यच मिळाले. खोटे होते ते नाव. दुसऱ्या परीक्षणातील नापास नमुन्यांविषयी मात्र अशी सवलत देता येत नाही.

चिकित्सेच्या दृष्टीने याचे परिणाम गंभीर आहेत. हृद्रोगाच्या जोखीमकारक घटकांवर या कवकाचा उपयोग होतो काय, याचा कॉक्रेन संस्थेने २०१५ साली आढावा घेतला. त्यात ५ चाचण्या व एकूण ३९८ रुग्ण होते, आणि मधुमेहातील अशा वापरास त्या पुराव्याचा आधार मिळत नाही असा निष्कर्ष निघाला. हे ठाऊक असताना रक्तशर्करेसाठी ही कॅप्सूल देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांस तर ती टाळण्यास सांगावे. चूर्णरूपातील लिंगझी घेतल्यानंतर यकृतास इजा झाल्याचे वृत्तांत हाँगकाँगमधून २००४ साली व थायलंडमधून २००७ साली प्रसिद्ध झाले असून त्यांतील दुसरा रुग्ण दगावला. असा प्रसंग आपल्या रुग्णावर आला आणि डबीतील द्रव्याचा नमुना जपलेला नसला, तर दोष जातीचा, भेसळीचा की साठवणीतील बुरशीचा हे कोणालाही सांगता येणार नाही.

याच संदर्भात आपल्या घरच्या द्रव्याचा विचार करावासा वाटतो. कोकणात व गोव्यात फणसाच्या जुन्या खोडावर वाढणारे कठीण, तपकिरी कवक ‘फणसोंबा’ या नावाने मुखपाक व लालास्राव यांवर उगाळून देण्याची पद्धत आहे. कवकशास्त्रज्ञ ते ‘फेलिनस’ वर्गात घालतात, आणि या वर्गातील एकाहून अधिक जाती या एका नावाखाली येतात. येथे लोकांनी वृक्षावरून नाव दिले, हे सुश्रुतोक्त रीतीला धरूनच आहे. परंतु बाजारात आलेला तुकडा फणसावरचाच कशावरून? गोळा करणाऱ्याने तो आंब्यावरून वा ऐनावरून काढला असल्यास दुकानात ते ओळखण्याचे साधन उरत नाही.

म्हणून औषधालयाच्या मालकांस आमची सूचना अशी की कवकद्रव्य चूर्णरूपात घेऊ नये, अखंड छत्र घ्यावे. फणसोंबा असेल तर त्यास चिकटलेली साल काढू न देता घ्यावा. प्रत्येक खेपेतील एक छत्र छायेत व नंतर मंद आचेवर पूर्ण वाळवून कागदी पाकिटात ठेवावे. त्यावर गोळा करणाऱ्याचे गाव, वृक्ष, महिना व खेपेचा क्रमांक शाईने लिहावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते व महिन्याभरात नमुन्यावर दुसरीच बुरशी चढते. लिंगझीच्या बाबतीत पुरवठादाराकडून जातीचे नाव, लागवड कोणत्या लाकडावर वा भुशावर झाली ती माहिती, आणि जनुकीय तपासणी केली असल्यास तिचा अहवाल लेखी मागावा. शंका असेल तेथे नमुना तज्ज्ञांस दाखवावा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत ‘आजरेकर कवकसंग्रह’ आहे आणि तेथे जपलेल्या नमुन्यांशी तुलना होऊ शकते. नमुना पाठविताना तुकडा न पाठविता देठ असल्यास देठासह संपूर्ण छत्र पाठवावे आणि ताज्या अवस्थेतील खालच्या पृष्ठाचे छायाचित्र सोबत जोडावे.