पावसात घाट उतरताना

अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली हे सातपुड्यातले नर्मदाकाठचे गाव. सरदार सरोवराच्या बुडिताने महाराष्ट्रात सर्वांत आधी गाठले ते याच गावाला. अशा डोंगराळ भागात पावसाळ्यात सायकल चालवताना आपण फक्त घसरण्याची भीती धरतो. अंगात शिरणारा गारठा ध्यानातच येत नाही.

चढावर सदरा घामाने भिजतो, वरून पाऊस असतोच. उतारावर पाय थांबतात, शरीरात ऊब कमी तयार होते आणि असलेली ऊब वारा ओल्या कपड्यांतून ओढून नेतो. बोटे बधिर झाली की ब्रेक नीट दाबला जात नाही. त्यात ओल्या रिमवर रबर उशिरा पकडते. म्हणून माथ्यावरच थांबून सदऱ्याखाली छातीशी कोरडे वर्तमानपत्र घालावे, वर प्लास्टिक. वळणाआधीच दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबावेत. शेवाळलेल्या फरशीवर उतरून चालण्यात कसला कमीपणा?

सोबती कुडकुडत असेल तर त्याचे ओले कपडे काढून कोरडे पांघरूण द्या, गरम गोड चहा पाजा. दारू मुळीच नको. तिने ऊब आल्यासारखे वाटते, पण शरीर आणखी थंड पडते. कुडकुडणे थांबून तो बरळू लागला, तर बरे वाटते आहे असे समजू नका. अशा वेळी तोंडात काही न घालता त्याला लगेच दवाखान्यात न्या.