स्वतंत्र खोलीवाचून घरून काम

प्रश्न : आमचे बिऱ्हाड दोन खोल्यांचे. कचेरीने कायम घरून काम करण्याची मुभा दिली आहे. परंतु स्वतंत्र खोलीवाचून ते अशक्य, असे सारे सांगतात. मोठी जागा भाड्याने घ्यावी काय?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : भाड्याच्या करारनाम्याची घाई करू नका. घराची योग्यता खोल्यांच्या संख्येवर नव्हे, तर प्रकाश, बैठक, वीज आणि इंटरनेट यांच्या बंदोबस्तावर अवलंबून असते, आणि ही सारी तजवीज बाहेरच्या खोलीच्या एका कोपऱ्यातही होण्याजोगी आहे. मेज खिडकीला काटकोनात लावावे. कारण खिडकी पाठीशी असल्यास तिचे प्रतिबिंब पडद्यावर उमटते, आणि समोर असल्यास डोळे दिपतात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस यावी, हे लॅपटॉपखाली जाड ग्रंथ ठेवून साधते (जुने दिवाळी अंकही चालतात!), मात्र मग कीबोर्ड निराळा घ्यावाच लागतो. दर 20 मिनिटांनी सुमारे 20 फुटांवरील वस्तूकडे 20 सेकंद पाहावे. राउटर लोखंडी कपाटामागे दडला असेल, तर तो मोकळ्या जागी, उंचावर आणावा. ‘रेंज नाही’ ही तक्रार पुष्कळदा एवढ्यानेच मिटते. वीज गेल्यास त्याला छोटा यूपीएस पुरतो. एक ताकीद मात्र देतो : ज्या एक्स्टेंशन बोर्डावर संगणक आहे, त्यावर इस्त्री वा गीझर कदापि जोडू नये.

घरात दोघांनाही दिवसभर फोनवर बोलण्याचे किंवा गोपनीय स्वरूपाचे काम असेल, तरच मोठ्या जागेचा विचार रास्त ठरेल.