आपला शेजारी डॉल्फिन

मुलांनो, वसईच्या पाचूबंदरावर किंवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर तुम्ही गेला असाल. तेथील कोळी बांधवांचे पोट समुद्रावर चालते. डॉल्फिनचेही तसेच आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात हम्पबॅक डॉल्फिन आढळतो. त्याच्या पाठीवर उंचवटा असतो. तो पाण्यात राहतो, पण मासा नाही. तो फुप्फुसांनी श्वास घेतो. मादी पिल्लाला दूध पाजते. तिला एका वेळी एकच पिल्लू होते. त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. आज ही जात संकटात आहे.

श्वास घेण्यासाठी डॉल्फिनला पाण्यावर यावेच लागते. जाळ्यात अडकला, तर तो गुदमरून मरतो. जाळे कापले, तर तो वाचतो. पण कोळ्याचे नुकसान होते. मग काय करावे?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने डॉल्फिनला मारण्यास बंदी आहे. पण केवळ बंदीने भागत नाही. म्हणून २०१८ साली महाराष्ट्र शासनाने एक योजना जाहीर केली. जाळे कापून संरक्षित प्राण्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याचे ठरले.

डॉल्फिनचे अन्नही वाचवले पाहिजे. वसईच्या खाडीकाठी तिवरे आहेत. त्यांच्या मुळांच्या आडोशाने माशांची पिल्ले वाढतात. तिवरांवर भराव पडला, खाडीत कचरा गेला, तर मासे कमी होतील. मग डॉल्फिन आणि कोळी दोघेही उपाशी राहतील.

जाळे पुन्हा विणता येते. गेलेला जीव परत आणता येत नाही.

प्रश्न : डॉल्फिन जाळ्यात अडकल्यावर का मरतो?